मदत हवी आहे: बाबा अंथरुणाला खिळलेत, घरी येणाऱ्या मदतनिसाच्या पगाराला सरकारी आधार मिळतो का?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव राजापूर तालुक्यात. गणपतीनंतर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. बाबा ८१, आई ७६. मी डोंबिवलीला, भाऊ पुण्यात. बाबांना मुंबईला आणायचा विषय काढला की ते भिंतीकडे तोंड करतात.

ॲडमिट होते तेव्हाचा खर्च आयुष्मान वय वंदना कार्डावर भागला. सत्तरीपुढे उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. ज्यांनी काढलं नसेल त्यांनी खरंच आधी काढून ठेवा. पण ते कार्ड ॲडमिट असेपर्यंत, फार तर घरी सोडल्यावर १५ दिवसांच्या औषधांपर्यंत. पुढे काय?

न्हाणीघर मागच्या पडवीत, मध्ये दोन उंच पायऱ्या. आईला एकटीला बाबा उचलत नाहीत. वाडीतल्या एक वहिनी सकाळ-संध्याकाळ येतात, त्यांना महिन्याला ७ हजार देतो. चार महिने झाले, बाबांच्या पाठीला एकही जखम नाही, ती केवळ त्यांच्या हातामुळे. खरं तर त्यांना याहून जास्त द्यायला हवेत.

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० मिळाले असते तरी थोडा हातभार लागला असता. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,०००, म्हणजे महिन्याला १,७५०! त्यात सातबारा सामाईक, ११ नावं. वाट्याला आलेल्या कलमांना गेली दोन वर्षं मोहोरच टिकला नाही, तरी दाखला देताना बाग आहे म्हणून अडवलं. आईचा अंगठा तर आधार पडताळणीच्या मशीनवर उमटतच नाही. तिने उभा जन्म काजू सोलले, चिकाने बोटांवरच्या रेषाच गेल्यात. आई दहा वेळा पदराला अंगठा पुसून पुन्हा टेकवत होती, मला बघवेना.

वयोश्री योजनेचे ३,००० बाबांना मागेच मिळाले होते. ते एकदाच मिळतात. त्यातून कमोडची खुर्ची घेतली, तिचा फार उपयोग होतोय. म्हणजे खुर्चीला पैसे आहेत, खुर्चीवर बसवणाऱ्या माणसाला नाहीत.

तर घरी येऊन सेवा करणाऱ्या माणसासाठी एखादी योजना, जिल्हा परिषदेचा सेस फंड (तिचा स्वतःचा निधी), काहीही कुणाला प्रत्यक्ष मिळालंय का? सामाईक सातबारा असताना उत्पन्नाचा दाखला कसा काढलात? आईसाठी अंगठ्याऐवजी चेहऱ्यावरून पडताळणी कुठल्या केंद्रावर नीट होते? आणि सरकारी अनुदानावर चालणारं, अंथरुणाला खिळलेल्यांना दोन-तीन महिने ठेवून घेणारं केंद्र रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणी स्वतः पाहिलंय का? ज्येष्ठांच्या १४५६७ हेल्पलाइनवर फोन करणारच आहे, पण अनुभवी माणसाचा शब्द वेगळा.

जरा घाई आहे. वहिनी शिमग्यापर्यंतच येणार आहेत. पुढे आंबा-काजूचा सीझन, तिथे त्यांना रोज जास्त मिळतो आणि त्यांना थांबवायचा मला हक्क नाही.