मदत हवी आहे: दादांना घेऊन नागोयाला आशियाई स्पर्धा बघायला जायचंय

धारूरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. यंदा जपानात नागोयाला आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत, 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर 2026. आमच्या दादांना (वडील, वय 67, चालायला खणखणीत) तिथं न्यायचं मनात आहे. दादा तरुणपणी कबड्डीचे, पण अलीकडं सगळं ध्यान अविनाश साबळेवर. त्याचं गाव मांडवा तसं आमच्यापासून लांब, आष्टी तालुक्यात, पण जिल्हा एकच ना, बीड! 1 ऑक्टोबर 2023 ला चीनमधल्या हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्यानं 3000 मीटर स्टीपलचेसचं (अडथळ्यांवरून आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत पळायची शर्यत) सुवर्ण घेतलं, त्या दिवशी दादांनी सोयाबीनची रास अर्धवट सोडून मजुरांना टीव्हीपुढं बसवलं होतं. मळणीयंत्रवाल्यानं त्या वेळेचे पैसे लावले, ते वेगळं.

आता म्हणायलेत, "एकदा डोळ्यानं बघू दे."

अडचणी सांगतो. दादांकडं पासपोर्ट नाही. आधारवर ज्ञानोबा, सातबाऱ्यावर ग्यानबा, शाळेच्या दाखल्यावर ज्ञानदेव. उत्पन्न शेतीचं, त्यामुळं रिटर्न कधी भरलेलं नाही. मी झेडपीचा शिक्षक, म्हणजे ऐन सत्रात रजा आणि वर परदेशी जायला ना हरकत. दादा माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. गेल्या सप्टेंबरच्या पुरात सोयाबीन गेलं, त्यामुळं पैसा मोजूनमापून. एक टूरवाला भेटला होता, त्यानं आकडा सांगितला आणि त्यात मैदानाचं तिकीट धरलेलं नव्हतं! मग काय दाखवणार होता, माहीत नाही.

पण खरा प्रश्न निराळाच आहे. अविनाशचा गुडघा जुलै 2025 मध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीवर दुखावला, शस्त्रक्रिया झाली. तो नागोयाला उतरला नाही तर? दादांना एवढ्या लांब नेऊन दुसऱ्याच कुणाची शर्यत दाखवायची का? तिकडं जाऊन आलेल्यांनी, तिकडं राहणाऱ्यांनी कृपया सांगा.

परभणीचा_पाहुणा

गुरुजी, घरी मोठा टीव्ही घ्या, गावजेवण घाला, तरी पैसे उरतील. स्टेडियमात मुंगीएवढा माणूस दिसतो. रिप्ले तर आपल्याला घरीच चांगला दिसतो.

आयचीतला_नांदेडकर

पाहुणे, गप बसा जरा.

मास्तर, मी नागोयाच्या शेजारच्या गावात नोकरीला आहे. अ‍ॅथलेटिक्स मिझुहो स्टेडियमवर आहे. जुनं पाडून या स्पर्धेसाठी नवं बांधलंय, साधारण 30 हजार माणसांचं. टोकियोच्या मानानं लहान, म्हणून मुंगीची भीती नको. पोहणं आणि घोडेस्वारी मात्र टोकियोत ठेवलीय. "नागोयाला सगळंच दिसेल" असं कुणी सांगत असेल तर तो नकाशा न बघता सांगतोय.

राहायला कानायामा स्टेशनच्या आसपास बघा. विमानतळाची गाडी तिथं थेट येते आणि भुयारी रेल्वेच्या मेइजो लाइननं मिझुहो उंदोजो हिगाशी स्टेशनला गाडी न बदलता जाता येतं. मुख्य नागोया स्टेशनवरून साकुरादोरी लाइन, उतरायचं मिझुहो उंदोजो निशीला. हिगाशी म्हणजे पूर्व, निशी म्हणजे पश्चिम, एवढं दादांना पाठ करून द्या, चुकामूक झाली तर कामाला येईल. हॉटेलं महाग वाटली तर गिफू शहर आहे, तिथून रेल्वेनं वीसेक मिनिटांत नागोया. रात्री बाराच्या सुमाराला गाड्या बंद होतात आणि टॅक्सी परवडत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

विमानाचं म्हणाल तर मुंबईहून सिंगापूर किंवा बँकॉकमार्गे थेट नागोयाला उतरता येतं. नाहीतर दिल्लीहून टोकियो आणि पुढं शिनकानसेन (बुलेट ट्रेन), तिला पावणेदोन तासांच्या आत नागोया येतं. वयस्कर माणूस सोबत असेल तर मी पहिला रस्ता धरेन. सामान घेऊन टोकियो स्टेशनात फिरणं म्हणजे पंढरीच्या वारीत चप्पल शोधणं.

हवा आपल्या भादव्यासारखी: दिवसा ऊन, घामाच्या धारा, मधूनच वादळी पाऊस. सप्टेंबर हा इकडं तायफूनचा महिना असतो. परतीच्या विमानाला चिकटून शर्यतीचा दिवस ठेवू नका.

मांजराकाठची

मी लातूरची. गेल्या सप्टेंबरात टोकियोला जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली, तिथं आम्ही नवरा-बायको गेलो होतो. तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे, कारण आम्हीही एकाच माणसासाठी गेलो होतो: नीरज चोप्रा. 18 सप्टेंबरला भालाफेकीची अंतिम फेरी. नीरज 84.03 मीटरवर थांबला, आठवा आला. आणि ज्याच्याकडं आमचं लक्षच नव्हतं तो सचिन यादव 86.27 टाकून चौथा! आम्ही त्याच्या नावानं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. जाताना त्याचं नाव मला धड माहीतही नव्हतं.

त्याच्या तीन दिवस आधीची रात्र तर विसरणं शक्य नाही. 15 ला पुरुषांची स्टीपलचेस होती. अविनाश नव्हताच. शर्यत इतकी हळू निघाली की माझा नवरा म्हणाला, यापेक्षा आपल्याकडचे भरतीवाले पोरं जोरात पळतात. आणि शेवटच्या शंभर मीटरला न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश मागून असा आला की दोन ऑलिंपिक सुवर्णवाला एल बक्काली बघतच राहिला. सात शतांश सेकंदांचा फरक. टीव्हीवर कॅमेरा पुढच्या दोघांवर असतो. मैदानात मागचा कुठून सुटला हे तुम्हाला आधी दिसतं. पाहुण्यांना हे सांगा.

तेवढ्यावर रात्र संपली नाही. बांबूउडी चालूच होती. बाकीचे प्रकार आटोपले, तरी माणसं उठेनात. मोंडो डुप्लांटिसनं तिसऱ्या प्रयत्नात 6.30 मीटर पार केलं, विश्वविक्रम. सगळं स्टेडियम एका ठेक्यात टाळ्या वाजवत होतं. मला क्षणभर आमच्या भजनी मंडळाची आठवण झाली, आणि मग शेवटच्या गाडीची.

जागेबद्दल एक गोष्ट, ही कुणी सांगत नाही. सगळे अंतिम रेषेसमोरचं महागडं तिकीट घ्यायला धावतात. स्टीपलचेससाठी ते डोळे झाकून घेऊ नका. एका फेरीत पाच अडथळे, त्यातला चौथा पाण्याचा, आणि तो असतो शेवटच्या वळणावर. पूर्ण शर्यतीत 28 साधे अडथळे नि 7 पाण्याच्या उड्या. म्हणजे वळणावरच्या स्वस्त जागेत बसलात तर सात वेळा सगळा घोळका तुमच्या पुढ्यात पाण्यात पडतो. त्या अडथळ्याची फळी घट्ट असते, धक्का लागला तरी पडत नाही, पडतो तो माणूस. तिकीट घेण्याआधी पाण्याचा खड्डा कुठल्या वळणाला आहे ते बघा. काही मैदानांत तो ट्रॅकच्या आत असतो, काहींत बाहेर. बाहेर असेल तर प्रेक्षकाची चांदी.

दुर्बीण घ्या. साधी चालेल. दादांचं डोळ्याचं काही असेल तर नक्कीच.

बर्मिंगहॅमचा_भाचा

ताईंच्या जागेच्या सल्ल्याला माझं अनुमोदन, पण थोडा वेगळा अनुभव. 6 ऑगस्ट 2022, राष्ट्रकुल स्पर्धा, बर्मिंगहॅम, अविनाशची शर्यत. माझं तिकीट वळणावर होतं. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच घेत आलेला. अविनाश 8:11.20, पहिला आलेला किबीवोट 8:11.15. पाच शतांश सेकंद! मी बसलो होतो तिथून शेवटी कोण पुढं गेलं हे कळलंच नाही. शेजारच्या केनियन बाईंनी माझा हात धरला, मी त्यांचा, दोघंही पडद्याकडं तोंड करून. निकाल लागला तेव्हा त्यांनी मला मिठी मारली, म्हणजे हरलो हे मला त्यावरून समजलं. रौप्यच होतं, पण रात्रभर झोप नाही.

तेव्हा वळण घ्या, पण मोठा पडदा समोर येईल असं वळण घ्या.

धारूरचा_मास्तर

मांजराकाठची ताई आणि बर्मिंगहॅमचे भाचे, तुम्हा दोघांचं लिहिलेलं दादांना वाचून दाखवलं. अविनाशचे ते पाच शतांश म्हणजे किती, विचारायलेत. मी म्हटलं, पापणी लवायच्या आत. तर म्हणाले, "मग तो हरला कुठं?"

कागदपत्रांचं कुणी सांगेल का? आणि जेवणाचं?

संभाजीनगरचा_वकीलबुवा

कागदांचं मी सांगतो. हाच कुटाणा माझ्या सासऱ्यांच्या वेळी निस्तरलाय.

आधी पासपोर्ट. सातबारा विसरा, तो पासपोर्टला लागत नाही. आधार आणि पॅन दोन्हीवर एकच नाव, एकच स्पेलिंग, एकच जन्मतारीख करून घ्या, मगच अर्ज भरा. उलट क्रम केलात तर पोलीस पडताळणीत फाइल अडकते. पासपोर्टवर जे नाव येईल तेच विमानाच्या तिकिटावर, तेच स्पर्धेच्या तिकिटाच्या खात्यात.

व्हिसा. पर्यटनासाठी भारतात राहणाऱ्यांना एप्रिल 2024 पासून जपानचा ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हिसा केंद्रातूनच जातो. पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर येत नाही. विमानतळावर फोनवर इंटरनेट चालू करून व्हिसा मिळाल्याची नोटीस थेट दाखवावी लागते, स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही. दादांच्या फोनवर भरोसा न ठेवता दोघांच्या नोटिसा तुमच्या फोनवर उघडून बघा, आणि फोन चार्ज ठेवा.

रिटर्न नाही म्हणून घाबरू नका. खर्च मुलगा करतोय असं पत्र, तुमचं फॉर्म 16, रिटर्न, बँकेचा तपशील आणि नात्याचा पुरावा. बँकेत अर्जाच्या आदल्या आठवड्यात उसने आणून पैसे भरू नका, ते लगेच दिसून येतं.

ना हरकतीचा अर्ज आजच टाका. व्हिसा लवकर होईल, झेडपीचा कागद टेबलं फिरत बसेल. हे तुम्हाला मी काय सांगायचं!

औषधं महिनाभरापुरती नेता येतात, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. सर्दी-खोकल्याच्या गोळ्या-सिरपं मात्र नेऊ नका, त्यातल्या काही घटकांवर तिथं बंदी आहे.

आयचीतला_नांदेडकर

जेवणाचं माझ्याकडं. इथं शाकाहार म्हणून जे समोर येतं त्यातही मासळीचं पाणी असतं. मिसो सूप, उडोनचा रस्सा, सगळ्यात दाशी, ती सुकवलेल्या माशाची. "मांस नको" म्हटलं तर मांस काढून तोच रस्सा देतील, आणि मनापासून देतील. म्हणून जपानी हॉटेलात दादांना नेऊच नका. नेपाळी मंडळींची भारतीय हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, डाळ-नान मिळतं. बाकी केळी, दूध, सोबतच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तळलेला ठेचा, मेतकूट. हिरवी मिरची, कढीपत्ता, ताजी फळं बॅगेत नको, विमानतळावर काढून घेतात. खोलीत पाणी तापवायची किटली बहुतेक ठिकाणी असते.

आणि दादा तंबाखू खात असतील तर आत्ताच बोलून घ्या. थुंकायला इथं जागाच नाही. कचऱ्याचा डबासुद्धा सापडत नाही, लोक आपला कचरा घरी नेतात.

परभणीचा_पाहुणा

तंबाखू नाही, चहात मासळी, आणि अविनाश येईल की नाही पक्कं नाही. गुरुजी, टीव्हीचं पुन्हा बघा.

(चहात नसते, माहितीय मला. पण दादा कबड्डीचे खेळाडू ना? कबड्डीचं तिकीट आधी घ्या. हांगचौला इराणबरोबरची फायनल 33-29, मधी तासभर पंचांचा वाद. 2018 ला याच इराणनं आपल्याला उपांत्य फेरीत हरवलं होतं. अविनाश असो नसो, इराण तर येणारच. तिथं नियम समजावून सांगायला दादा लागतील, तुम्ही नाही.)

मांजराकाठची

पाहुण्यांनी पहिल्यांदा कामाचं लिहिलं!

मी सुद्धा हेच म्हणेन. एक दिवस कबड्डी, दोन संध्याकाळी अ‍ॅथलेटिक्स. स्टीपलचेस एकाच संध्याकाळी उरकते, तिचा दिवस वेळापत्रकात बघून घ्या आणि शेजारची दुसरी संध्याकाळ जोडा. हांगचौला अविनाशनं तीन दिवसांनी 5000 मीटरला रौप्य घेतलं होतं, तेव्हा तो आलाच तर दोनदाही दिसू शकतो. तिकीट फक्त स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरून. "माझ्याकडं जास्तीचं आहे" असा मेसेज करणारा कितीही आपला वाटला तरी नको.

धारूरचा_मास्तर

मंडळी, आभार. काल रात्री बैठक झाली. दादांनी स्वतःच निकाल दिला: कबड्डी पक्की, पळणं दोन संध्याकाळ, अविनाश आला तर त्याची, नाही आला तर "जो पडून उठंल त्याची". रास करायचं धाकट्या भावानं अंगावर घेतलंय, बदल्यात त्याला घड्याळ आणायचं ठरलंय. तंबाखूवर अजून बोलणी सुरू आहेत. आधारच्या दुरुस्तीला सोमवारी जातोय, ना हरकतीचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आलो.

एक शेवटचं. दादा म्हणायलेत, फेटा बांधून बसणार, आणि हातात काठीला लावलेला तिरंगा. चालतं का?

आयचीतला_नांदेडकर

काठी गेटवर काढून घेतील, झेंडा हातात धरायचा किंवा खांद्यावर घ्यायचा. फेट्याला कुणी अडवणार नाही, पण मागं बसलेल्या जपानी माणसाला काही दिसलं नाही तरी तो तोंडातून शब्द काढणार नाही, नुसता वाकडा होऊन दोन तास बसेल. सगळ्यात मागची रांग मिळाली तर फेटा, नाहीतर गांधी टोपी. आणि मला कळवा कुठल्या दिवशी येताय ते, मी कानायामाला घ्यायला येतो. येताना धारूरचं काहीतरी आणा. सीताफळ नाही चालणार.