मदत हवी आहे: बोटीच्या जुन्या टिलर पायलटचा बेल्ट कुठं गावेल?

मी बेळगावात, बोट मालवणला, दाजींची, शिडाची छोटी. सुकाणूच्या दांड्याला लागतो आणि बोट आपोआप ठरलेल्या दिशेवर ठेवतो तो १२ व्होल्टचा जुना ऑटोपायलट (टिलर पायलट) आहे, चालू होतो, दिशेचा आकडा बरोबर दाखवतो, बटण दाबलं की मोटरचा आवाज पण येतो, पायलटचा पुढंमागं होणारा दांडा मात्र सरकतच नाही. स्टिकर पार पुसलाय त्यामुळं मॉडेल सांगता येत नाही.

खोलून बघितलं तर आतल्या दातेरी रबरी बेल्टाचे सात-आठ दाते सोलून गेलेत. बाकी सगळं ठीक आहे, स्क्रू हातानं फिरवला की दांडा छान पुढंमागं होतो. बेल्टाचे दहा दाते २०.३ मिमी भरतात, म्हणजे एमएक्सएल मापाचा बेल्ट, पिच (दोन दात्यांमधलं अंतर) २.०३२ मिमी. एकूण दाते ७०, रुंदी ६ मिमी. थ्रीडी प्रिंटरचा जीटी२ जातीचा बेल्ट लावून बघितला, दिसायला सारखाच वाटतो पण त्याची पिच २ मिमी आणि दात्याचा आकार वेगळा, लोड आला की उड्या मारतोय. उघडा बेल्ट कापून चिकटवला तो एका दिवसात सुटला. ओ-रिंगा कडक झाल्यात पण त्या उद्यमबागेत मिळतील, त्याचं टेन्शन नाही.

नवीन पायलट घेणं सध्या जमणार नाही, आणि चांगली मशीन एका बेल्टापायी भंगारात घालायला जीव होत नाही. बेळगाव, कोल्हापूर नाहीतर गोव्यात ७० दात्यांचा बंद (बिनजोडाचा, गोल) एमएक्सएल बेल्ट एकच नग कोण देईल? नाहीच मिळाला तर दोन्ही पुल्या तेवढ्याच दात्यांच्या जीटी२ च्या बसवून कुणी चालवलंय का, टिकतं का ते?