एअरड्रॉपचा दावा करताना सही कशावर होते?

क्रिप्टो वॉलेटमध्ये (आभासी चलन सांभाळणाऱ्या ॲपमध्ये) न मागता आलेले टोकन, म्हणजे एखादे आभासी नाणे, विकायला जावे का, असा प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत आहे की त्याला हातही लावू नये.

खऱ्या एअरड्रॉपची, म्हणजे वापरकर्त्यांना फुकट टोकन वाटण्याची, रीत युनिस्वॉप या क्रिप्टो अदलाबदलीच्या मंचाच्या उदाहरणावरून नीट कळते. १ सप्टेंबर २०२० पूर्वी ज्या वॉलेट-पत्त्यांवरून युनिस्वॉप वापरले गेले होते, त्या प्रत्येकाला युनिस्वॉपने त्याच महिन्यात आपले किमान ४०० युनि टोकन देऊ केले, अगदी ज्यांचा व्यवहार फसला होता त्यांनाही. मात्र वापरकर्त्याला स्वतः दावा करून इथेरियम या ब्लॉकचेनवर व्यवहार नोंदवण्याचे शुल्क (गॅस) भरावे लागले.

फसवणूक नेमकी या दाव्याच्या पायरीवर होते. अनाहूत टोकनच्या नावातच एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता असतो, तिथे 'क्लेम'चे बटण दिसते, आणि ते दाबल्यावर वॉलेट जी सही (डिजिटल संमती) मागते ती पुष्कळदा टोकन घेण्याची नसून, आपल्याजवळचे यूएसडीटी (डॉलरशी बांधलेले नाणे) हवे तितके काढून नेण्याची परवानगी समोरच्याला देणारी असते. त्या खिडकीत 'अप्रूव्ह' हा शब्द आणि अवाढव्य आकडा दिसला, तर कृपया तिथेच थांबा. चुकून सही झालीच असेल, तर नुसते वॉलेट डिस्कनेक्ट करून भागत नाही. ती परवानगी रद्द करावी लागते. सीड फ्रेज (वॉलेटचा पूर्ण ताबा देणारे गुप्त शब्द) तर कोणताही खरा एअरड्रॉप मागत नाही.

भारतात विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि दुसऱ्या नाण्यातला तोटा त्यातून वजा होत नाही, तेव्हा टोकन मिळाल्याची तारीख व त्या दिवशीचा भाव लगेच टिपून ठेवावा.