गेट ते दार साठ फूट, कोणता इंटरकॉम घ्यावा?

वसमत रोड, परभणी
राम राम मंडळी. नवीन घर बांधायलोय. गेट ते दार साठ फूट अंगण. खाली आई-आप्पा राहणार, वर आम्ही. आप्पांची सवय अशी की कडी वाजली की गुडघे धरत जायचं आणि कोण आहे न बघता उघडायचं. दारात आलेल्याला आतून ‘कोण?’ म्हणून ओरडणं त्यांना बरं दिसत नाही. दुकानदार बॅटरीवरची वाय-फाय बेल गळ्यात मारायलाय, वायरचं झंझट नाही म्हणे. गेट पश्चिमेला, अंगणात शहाबादी बसायची राहिलीय. काय घेऊ?

वायरमन, लातूर
शहाबादी बसायची राहिलीय ना भाऊ, मग वायरचं कसलं झंझट? आधी पाईप पुरा, कंपनी मागून ठरवा. साध्या व्हिडिओ डोअर फोनला (गेटवर कॅमेरा-बेल, घरात स्क्रीन) चार तारा पुरतात, पण तुम्ही कॅट-सिक्स, म्हणजे इंटरनेटची केबल टाका. पुढं आयपीवाला, म्हणजे नेटवर्कवर चालणारा घेतला तर त्याच केबलमधून चित्रासोबत करंटही जातो, 100 मीटरपर्यंत. त्याला पीओई म्हणतात. घरातून बटण दाबून गेट उघडायचं विजेचं लॉक लावणार असाल तर त्याला वेगळी जाड वायर. 230 व्होल्टची वायर ह्या पाईपात कुणालाही घालू देऊ नका. मिस्त्री ‘काही होत नाही’ म्हणतोच.

आणि लॉक नीट बघून घ्या. चुंबकाचं लॉक लाईट गेली की आपोआप सुटतं. आपल्याकडं लाईट किती जाते ते मी काय सांगू! लाईट नसताना बंदच राहणारं घ्या, शिवाय त्याला चावीही पाहिजे. लोखंडी गेट काही दिवसांनी खाली बसतं, मग लॉकची जीभ खाचेत जात नाही. बिजागऱ्या आधी पक्क्या करा.

सिडकोतली ताई, नांदेड
दादा, पश्चिमेचं गेट म्हणजे मे महिन्यात तवा. खोक्यावर किती तापमानापर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं, वाचा. गेटवरच्या युनिटवर पत्र्याची टोपी लावा. दुसरं, दुपारनंतर ऊन माणसाच्या पाठीमागून येतं, तोंड काळं दिसतं. डब्ल्यूडीआर असलेला, म्हणजे मागून ऊन असलं तरी तोंड नीट दाखवणारा कॅमेरा घ्या आणि चार वाजता लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आमच्याकडं आत्याबाईंना ॲप जमत नाही, त्यामुळं भिंतीवरचा स्क्रीनच कामाला येतो. आप्पांना कमी ऐकू येत असेल तर फोनसारखा कानाला लावायचा रिसीव्हरवाला बघा.

वसमत रोड, परभणी
हो ताई, डाव्या कानानं कमीच ऐकू येतं. मग दोन स्क्रीन, एक खाली रिसीव्हरवाला, एक वर. खालून वर बोलताही येईल ना? आई जिन्यातून हाका मारून दमते. इन्व्हर्टरवर चालेल का?

वायरमन, लातूर
दोन्ही स्क्रीन आपसात बोलतात असं मॉडेल मागा, सगळ्यांत नसतं. इन्व्हर्टरवर आरामात चालतं, पण लॉकचा ॲडॅप्टर आणि पीओई स्विच (केबलमधून करंट देणारा डबा) घेतला तर तोही त्याच लाईनवर घ्या. लोक फक्त स्क्रीन जोडतात. मोबाईलवर बघायचं असेल तर राऊटरपण, आणि कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. अर्थिंग तपासा, मृगाच्या विजा कडाडतात तेव्हा गेटवरचं युनिट आधी जातं.

वसमत रोड, परभणी
पाईप किती इंची आणू?

वायरमन, लातूर
एक इंची. आत ओढायची तार घालूनच पुरा.