कामगार कोण, हे ठरवायचं कोणी? मुंबईतली हॉस्पिटलं आणि युनियनचा कायदा

परळ_नाका
जे.जे. समूहातल्या दोन वॉर्ड-नोकरांना कामावरून कमी केल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६० साली न्या. गजेंद्रगडकरांनी निकाल दिला, की रुग्णालय हाही 'उद्योग'च, म्हणजे कामगार कायदे तिथेही लागू. १९७० मध्ये न्यायालयाने घूमजाव केलं, १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालाने गाडी परत रुळावर आली. म्हणजे युनियन करता येते का, हा वाद जुना झाला. जुन्या ट्रस्टच्या काही हॉस्पिटलांत ती आहेही. नव्या काचेच्या इमारतींत मला तरी दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच: व्यवस्थापन कायदा मोडत बसत नाही, माणसालाच कायद्याबाहेर नेऊन ठेवतं. वॉर्डातल्या मामा-मावश्या गेल्या कंत्राटदाराकडे. सिस्टर झाली 'टीम लीडर', कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० च्या वर पगार घेणारा पर्यवेक्षक कामगार धरला जात नाही. कोर्ट हुद्दा नाही, काम बघतं, हे खरं. पण तिथवर जायचं कोणी? सिस्टरनेच.

हिशेबी_डॉक्टर
सब घोडे बारा टक्के करू नका. मुलुंडला माझं २० खाटांचं नर्सिंग होम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांखालीसुद्धा नर्सला किमान २०,००० द्या म्हटलं. देतो. पण विम्याची बिलं महिनोन्‌महिने अडकतात, तेव्हा पगार घरातून काढावा लागतो.

आणि गिरणीतला साचा थांबला तर कापड थांबतं. व्हेंटिलेटरजवळची सिस्टर उठून गेली तर? १९८२ च्या गिरणी संपाचं मी परळकरांना काय सांगायचं! त्या संपाचे पुढारी स्वतः डॉक्टर होते, हा आणखी एक योग.

रात्रपाळी
डॉक्टरसाहेब, मी १४ वर्षं स्टाफ नर्स आहे. संपाचं नाव आम्ही काढतच नाही, आधी तुम्हीच काढता.

आमच्याकडचं सांगते, हॉस्पिटलचं नाव नको. जेवणाच्या सुट्टीत चौघीजणी सभासद-अर्जावर सह्या घेत होत्या. आठवड्यात चौघी चार मजल्यांवर. एकीला सलग नाइट लागल्या, तिचं बाळ दीड वर्षाचं. मग मेट्रन प्रत्येकीला चहाला बोलवून "तुझं चांगलं चाललंय, कशाला यात पडतेस" म्हणाल्या. पुढच्या महिन्यात अचानक पगारवाढ, आणि 'स्टाफ वेलफेअर कमिटी', अध्यक्ष एचआरचेच.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथांची यादी आहे. युनियन उभी राहत असताना मोक्याच्या वेळी पगारवाढ देणं, मालकाने आपली संघटना पोसणं, दोन्ही त्यात आहेत. वाचताना वाटलं, लिहिणारा आमच्याच वॉर्डात बसला होता. सिद्ध करायला मात्र हातात कागद नाही. त्याच कायद्याने मान्यता हवी तर सहा महिने ३० टक्के सभासद टिकवा. इथे मुलगी अनुभवाचं पत्र हातात पडलं की दुबईला.

दगड_मारा
एचआरमध्ये आहे, म्हणून हे नाव. रात्रपाळी ताईंनी सांगितलेलं घडतं, नाकारत नाही. वकिलाचा पहिला सल्लाच असतो, लेखी काही देऊ नका. पण कंत्राटी पद्धतीला १९७० पासून कायदा होता, आता नोव्हेंबर २०२५ पासून तो व्यावसायिक सुरक्षा संहितेत आलाय, ती चोरवाट नव्हे. आणि संपाला १४ दिवसांची नोटीस मागितली तर काय बिघडलं? तेवढ्यात आयसीयूचे पेशंट हलवता येतात.

परळ_नाका
नोटिशीला माझीही हरकत नाही. पण त्याच औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या लोकांनी ठरवून एका दिवसाची किरकोळ रजा टाकली तरी तो संप! आणि 'उद्योग' या व्याख्येतून धर्मादाय, सेवाभावी संस्थांच्या रुग्णालयांना वगळायची वाट ठेवलीय. मुंबईतली कितीतरी बडी हॉस्पिटलं ट्रस्टची आहेत. गरिबांच्या १० टक्के मोफत खाटांबद्दल विचारलं की "आमचेही खर्च आहेत हो", आणि युनियन दारात आली की "आम्ही तर सेवाभावी". दोन्हीकडे एकच लेटरहेड.

दगड_मारा
ती वाट सरसकट नाही. 'पूर्णतः किंवा मुख्यतः' सेवाभावी अशी अट आहे. पेशंटकडून बिल वसूल करणाऱ्याला ते कोर्टात पटवावं लागेल.

परळ_नाका
पटवायला त्यांच्याकडे वकिलांची फौज आणि वेळ, दोन्ही आहे.

मावशीची_लेक
वादात पडायचं नव्हतं. माझी आई ११ वर्षं एकाच वॉर्डात मावशी आहे. या काळात तीन कंत्राटदार झाले. साडीचा रंग बदलला, पलंग तेच. प्रत्येक वेळी मध्ये काही दिवसांचा ब्रेक देतात, म्हणजे सलग नोकरी धरायला लागणारे २४० दिवस भरायला नकोत. ओळखपत्रावर तिची नोकरी गेल्या जूनपासून सुरू झालीय. नवीन सिस्टरना सलाइनचा स्टँड कुठे ठेवतात ते तीच दाखवते.

हिशेबी_डॉक्टर
ताई, धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण आईंच्या तिन्ही कंत्राटदारांच्या पगार-पावत्या आणि पीएफचं पासबुक जपून ठेवा. जुनी ओळखपत्रं परत मागितली तर आधी फोटो काढा.