'काउंट ऑन' म्हणजे 'अवलंबून असणं' का?

'काउंट ऑन'चं सरसकट 'अवलंबून असणे' केलेलं दिसलं की मला खटकतं. 'अवलंबून' शोभतो तो 'डिपेंड'ला. एक संस्कृतातून आला, दुसरा लॅटिनमधून, पण दोघांच्याही मुळाशी लोंबणंच आहे. 'काउंट ऑन'मध्ये कोणी लोंबत नाही. तिथे मोजदाद आहे: तुला मी हिशेबात धरलंय, ऐनवेळी गळलास तर माझं गणित चुकेल.

ही छटा मराठीत 'धरणे'मध्ये आयती मिळते. 'आय वॉजन्ट काउंटिंग ऑन रेन' म्हणजे 'पाऊस येईल असं धरलंच नव्हतं.' इथे 'मी पावसावर अवलंबून नव्हतो' लिहिलंत, तर बोलणारा शेतकरी वाटेल!

माणसाबद्दल असेल तर मात्र जपून. 'यू कॅन काउंट ऑन मी' याला 'मला गृहीत धर' म्हटलं की अर्थ पार उलटतो, कारण माणसाला गृहीत धरणं ही मराठीत तक्रार आहे. तिथे 'माझ्यावर भरवसा ठेव' किंवा त्याहून सहज 'मी आहे ना' पुरतं. सगळं एकावरच टेकलेलं असेल तर 'भिस्त' किंवा 'मदार'. मदार मूळचा अरबी, म्हणजे ज्याभोवती फिरायचं तो आस, म्हणून 'सगळी मदार तुझ्यावर' हे नुसत्या भरवशापेक्षा जड वाटतं.

'विसंबणे' मी इथे शक्यतो टाळतो. जुन्या मराठीत त्याचा अर्थ विसरणं, नजरेआड करणंही होता. आई लेकराला क्षणभर विसंबत नाही ती याच अर्थाने. त्यातला गाफीलपणा आजही जाणवतो. 'त्याच्यावर विसंबलो' म्हटलं की पुढे 'आणि फसलो' येणार असं ऐकणाऱ्याला वाटतंच.

'काउंट ऑन'चा तिरकस वापरही आहे. 'यू कॅन काउंट ऑन हिम टू बी लेट' यात भरवसा कसला, 'तो उशिरा येणार हे ठरलेलंच!'

व्याकरणाचं एवढंच, की 'ऑन' जागचा हलत नाही. 'काउंट मी ऑन' चूक. 'काउंट मी इन' बरोबर, पण त्याचा अर्थ निराळा: 'मलाही धरा.' म्हणजे मोजायला इंग्रजीत 'काउंट' आणि आपल्याकडे 'धरणे', दोन्ही ठिकाणी एकाच क्रियापदाने काम भागतं.