मदत हवी आहे: पंधरा वर्षं झालेल्या गाडीची पासिंग, आधी काय काय करून घेऊ?

नमस्कार मंडळी. आमच्या 2011 च्या पेट्रोल गाडीची 15 वर्षं भरत आलीत. आरसी आणखी 5 वर्षांसाठी रिन्यू करायचीय, म्हणजे रत्नागिरीला आरटीओत गाडी दाखवणं आलं. आम्ही गुहागरकडे, घर समुद्रापासून हाकेवर. खारा वारा माणसाला बरा, पत्र्याला नाही!

इंजिन ठणठणीत आहे. पीयूसी, इन्शुरन्स चालू. त्रास मागच्या डाव्या दिव्याचा. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो. बल्ब बदलला, फरक शून्य. मला अर्थिंगचा, म्हणजे दिव्याची वायर बोल्टने बॉडीला जोडतात त्या जोडाचा, संशय येतोय. बोल्टखाली हिरवट गंज दिसतो. पॉलिश पेपरने घासून ग्रीस लावलं तर पुरेल, की नवीन अर्थ वायर टाकू?

हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात. 1000, मग 2000 चा पेपर पाणी लावून मारणार आहे. वर यूव्ही कोटिंग कुणी घरी केलंय का? नाहीतर पावसाळ्यापर्यंत परत तेच.

आणि खरी धाकधूक: चॅसी नंबरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरवर, गंज चढलाय. पेन्सिलने छाप नीट उठत नाही. घासायला गेलो आणि आकडाच गेला तर? डिझेल लावून मऊ ब्रशने काढू का? चिपळूणकडचा जाणता इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर तेही सांगा.